धरणीची मोजणी आणि भूकंपाचे भाकीत

पाऊस कधी येणार हे आता चार दिवस आधी कळते. चक्रीवादळ किनाऱ्याला कुठे लागणार हेही कळते. मग भूकंप होणार हे का कळू नये? गावात पीकसभा झाली, खताबियाण्याचे बोलणे संपले, की हा प्रश्न कोणीतरी काढतोच. लातूर-धाराशिवकडच्या गावांत तर हमखास काढतो. प्रश्न रास्त आहे. अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. ‘आता उपग्रहावरून जमीन मोजतात, मग उपग्रहाला भूकंपही दिसत असेल ना?’ असे तरुण मंडळी विचारतात. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे, कारण त्यात थोडे खरे आहे आणि बरेचसे अजून खरे व्हायचे आहे.

आधी भाकीत कशाला म्हणायचे ते ठरवू. ‘हिमालयात कधीतरी मोठा भूकंप होईल’ हे भाकीत नव्हे. अमुक ठिकाणी, अमुक दिवसांच्या आत, अमुक ताकदीचा धक्का बसेल, असे तिन्ही सांगता आले तर ते भाकीत. असे भाकीत आज जगातील कोणताही देश भरवशाने करू शकत नाही. चीनमध्ये १९७५ च्या फेब्रुवारीत हायचंग येथे भूकंपाआधी लोकांना घराबाहेर काढले गेले आणि हजारो प्राण वाचले. तेथे आधी लहान लहान धक्के बसत होते, म्हणून सावध होता आले. पण पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी, तांगशान शहर रात्रीच्या झोपेत कोसळले आणि सरकारी आकड्यानुसारच २ लाख ४२ हजार माणसे गेली. तेथे तशी सूचना मिळाली नव्हती.

ढग आपल्याला दिसतात, वारा मोजता येतो. भूकंपाचे मूळ मात्र पुष्कळदा दहा-पंधरा किलोमीटर खोल असते. माणसाने आजवर खणलेले सर्वांत खोल विवर रशियातील कोला येथे आहे, ते १२ किलोमीटरच्या थोडेसे पुढे गेले आणि थांबले. म्हणजे जेथे रोग आहे तेथे हात पोचत नाही. मग उरते ते वरून नाडी पाहणे. उपग्रहाची मोजणी म्हणजे ही नाडीपरीक्षा.

उपग्रह जमीन कशी मोजतो?

शेताची मोजणी पूर्वी शंकू आणि साखळीने होत असे. आता भूमी अभिलेख खात्याचे भूकरमापक रोव्हर घेऊन बांधावर येतात. काठीवर बसवलेले ते यंत्र आकाशातील उपग्रहांचे संदेश घेते आणि राज्यात ठिकठिकाणी कायम बसवलेल्या केंद्रांशी ताळा करून हद्दीची खूण काही सेंटीमीटरच्या आत दाखवते.

यामागचे तत्त्व सोपे आहे. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचे तीसेक उपग्रह सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येकावर अणुघड्याळ असते. ‘मी अमुक जागी आहे आणि आता इतके वाजले आहेत’ असा संदेश तो सतत पाठवतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, येतो. पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर निघते, आणि चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपली जागा ठरते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतर ३०० मीटरने चुकेल, इतके हे काम नाजूक आहे. रशिया, युरोप व चीन यांच्याही अशा व्यवस्था आहेत आणि आपल्या देशाची ‘नाविक’ आहे.

मोबाईलमधील यंत्र पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवते. भूकंपाच्या अभ्यासासाठी मात्र खडकात पक्का खांब रोवून त्यावर भारी यंत्र बसवतात आणि ते वर्षानुवर्षे जागचे हलवत नाहीत. दिवसभराच्या नोंदींची सरासरी काढली की त्या खांबाची जागा काही मिलिमीटरच्या आत कळते. वर्षामागून वर्षे नोंद ठेवली की खांब, म्हणजे त्याखालची जमीनच, कोणत्या दिशेला किती सरकते आहे ते दिसू लागते.

बांधही सरकतो, देशही सरकतो

शेजाऱ्याने बांध कोरला तर आपण तंटा करतो. पण आपले शेत, शेजाऱ्याचे शेत आणि सगळे गावच दरवर्षी ईशान्येकडे चार ते पाच सेंटीमीटर सरकत आहे. बोटाची नखे वाढतात, साधारण तितकाच हा वेग. हिंदुस्थानचा सगळा भूपट्ट उत्तरेला आशियावर रेटला जातो आहे. त्या रेट्यातूनच हिमालय उभा राहिला.

या रेट्यापैकी वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर नेपाळच्या हिमालयाखाली साठत जातो. खालचा पट्ट सरकू पाहतो, वरचा खडक त्याला धरून ठेवतो. ओसरीवर धान्याचे जड पोते ठेवा, त्याला सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी बांधा आणि पट्टी हळूहळू ओढा. आधी पोते हलत नाही, पट्टीच ताणत जाते. मग एकदम पोते हातभर पुढे सरकते आणि पट्टी सैल पडते. पोते हलले तो भूकंप. पट्टी ताणत होती तो आधीचा शे-दोनशे वर्षांचा काळ. उपग्रहाची मोजणी पट्टी किती ताणली आहे ते दाखवते. पोते नेमके कधी सुटणार हे मात्र त्यावरून ठरत नाही, कारण ओसरी कुठे खरखरीत आहे, कुठे गुळगुळीत आहे, हे आपल्याला दिसत नाही.

नेपाळात २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे ९ हजार माणसे दगावली. तेथील खांबांनी त्या काही सेकंदांत काय घडले ते टिपले. काठमांडूचा परिसर दक्षिणेकडे मीटरभराहून जास्त सरकला आणि सुमारे मीटरभर वर उचलला गेला. अनेक पिढ्या साठलेला ताण एका दुपारी मोकळा झाला. सगळा मोकळा झाला असे मात्र नाही. हिमालयाच्या इतर भागांत तो तसाच आहे. म्हणून शास्त्रज्ञ तेथे मोठ्या भूकंपाची भीती वारंवार बोलून दाखवतात. वेळ सांगत नाहीत, कारण सांगता येत नाही.

जेथे अंदाज खरा ठरला

या विद्येला यश आले नाही असे नाही. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या छोट्या देशात निकोया नावाचे द्वीपकल्प आहे. तेथे १८५३, १९०० आणि १९५० साली मोठे भूकंप झाले होते. पन्नासएक वर्षांची ही पाळी पाहून शास्त्रज्ञांनी १९९० नंतर तेथे उपग्रह-मोजणीचे खांब रोवले. समुद्राचा तळ जेथे जमिनीखाली शिरतो, त्यातला कोणता तुकडा घट्ट अडकला आहे याचा नकाशा या नोंदींवरून तयार झाला. ५ सप्टेंबर २०१२ रोजी ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तो त्या अडकलेल्या तुकड्यावरच. जागा आणि ताकद यांचा अंदाज बरोबर निघाला, दिवस मात्र कोणी सांगितला नव्हता. तरी धोका ठाऊक होता, बांधकामाचे नियम पाळले जात होते, त्यामुळे एवढ्या मोठ्या धक्क्यात प्राणहानी अगदी थोडी झाली. भाकितावाचूनही माणसे वाचतात, हे या उदाहरणावरून ध्यानात ठेवावे.

जेथे ठरलेली वेळ टळली

उलट उदाहरण अमेरिकेतील पार्कफील्डचे. कॅलिफोर्नियातील या खेड्यात १८५७ ते १९६६ या काळात सहा वेळा सारखाच भूकंप झाला होता. सरासरी २२ वर्षांनी एकदा. १९८५ साली तेथील शास्त्रज्ञांनी जाहीर केले की पुढचा धक्का १९९३ पर्यंत येईल. शिवारभर यंत्रे मांडून सगळे वाट पाहत बसले. १९९३ गेले, २००० गेले. भूकंप आला तो २८ सप्टेंबर २००४ रोजी. दारात येऊन बसलेल्या एवढ्या यंत्रांनाही आदल्या दिवशी ठळक अशी कोणतीही चाहूल लागली नाही. पाळी मोजून येणारी गाय आणि पाळी मोजून येणारा भूकंप यांत फरक आहे, हे शास्त्रज्ञ त्या दिवशी शिकले.

मुका भूकंप

खांबांनी एक नवीच गोष्ट मात्र उघडकीला आणली. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील काही खांब एरवी वर्षभर एका दिशेला सरकत. मध्येच काही दिवस-आठवडे ते उलट दिशेला चार-पाच मिलिमीटर मागे येत आणि पुन्हा पूर्ववत चालू लागत. २००१ साली हे प्रसिद्ध झाले. खोलवरचा खडक तेथे हळूहळू, आवाज न करता घसरत होता. एरवी ज्या घसरणीने शहरे पडली असती, ती आठवड्यांवर पसरल्यामुळे कपबशीही हलली नाही.

अशी मुकी घसरण कधी कधी मोठ्या भूकंपाच्या आधी येते का? चिली देशात १ एप्रिल २०१४ रोजी इकिके येथे आठच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला. त्याआधी काही आठवडे तेथे लहान-मोठे धक्के बसत होते आणि किनाऱ्यावरचे खांब समुद्राकडे सरकू लागले होते. म्हणजे चाहूल होती. पण अशी सरकासरकी पुष्कळदा होते आणि पुढे काहीच घडत नाही. वळवाचे ढग जमतात, गडगडतात आणि निघून जातात, तसे. प्रत्येक गडगडाटाला पेरणी करणारा शेतकरी बियाणे घालवून बसेल.

जपानचा धडा

या कामात जपान सर्वांत पुढे. १९९५ च्या जानेवारीत कोबे शहराच्या भूकंपात ६ हजारांवर माणसे गेल्यानंतर त्या देशाने खांबांचे जाळे झपाट्याने वाढवले. आज तेथे सुमारे १ हजार ३०० खांब रात्रंदिवस मोजणी करतात.

तरीही ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास ९ तीव्रतेचा भूकंप झाला, तो अचानकच. ओशिका द्वीपकल्पावरचा खांब सव्वापाच मीटर पूर्वेला गेला आणि मीटरभराहून जास्त खाली बसला. खरा घात समुद्राच्या लाटेने केला. पहिल्या तीन मिनिटांत भूकंपमापकांवरून तीव्रता ७.९ धरली गेली आणि त्यावरून लाटेची उंची मियागी जिल्ह्यात ६ मीटर, इवाते व फुकुशिमा येथे ३ मीटर अशी जाहीर झाली. प्रत्यक्षात लाटा त्याहून कितीतरी मोठ्या आल्या. तीन मीटरची भिंत आपल्याला पुरे आहे असे समजून जे थांबले, त्यांतले अनेक परतले नाहीत. त्या आपत्तीत १८ हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली.

येथे उपग्रह-मोजणीचे खरे मोल दिसले. अतिशय मोठा भूकंप झाला की साधी भूकंपमापके गोंधळतात, धक्का आहे त्यापेक्षा लहान समजतात. खांब किती मीटर सरकला हे मात्र उघड असते. त्यावरून काही मिनिटांत खरी ताकद काढता येते. जपानने त्यानंतर खांबांच्या नोंदी तत्काळ हिशेबात घेणारी व्यवस्था उभी केली. हे भाकीत नाही, झालेल्या भूकंपाचे चटकन केलेले माप आहे. पण लाट यायला अर्धा तास असेल तर तेवढ्या मापावर गाव टेकडीवर जाऊ शकते.

दोन तासांची चाहूल

२०२३ च्या जुलैत एका बातमीने जगभर आशा निर्माण केली. फ्रान्समधील क्वेंतां ब्लेतरी आणि जाँ-मॅथ्यू नोके या दोन शास्त्रज्ञांनी सात व त्यावरील तीव्रतेचे ९० भूकंप घेतले, तीन हजारांहून जास्त नोंदमाला एकत्र केल्या आणि त्यांची बेरीज केली. धक्क्याच्या आधीचे सुमारे दोन तास खडक हळूहळू वाढत्या वेगाने घसरू लागतो, अशी खूण त्यांना दिसली. दोन तास म्हणजे केवढा अवधी! म्हातारी माणसे, लेकरे, जनावरे, सगळी मोकळ्या रानात आणता येतील.

त्या दोघांनी स्वतःच सांगितले होते की एकेका भूकंपापुरती ही खूण ओळखता येईल इतकी यंत्रे आज अचूक नाहीत. पुढे काईल ब्रॅडली आणि जुडिथ हबर्ड या शास्त्रज्ञांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. उपग्रहाच्या मार्गात किंवा घड्याळात बारीक चूक झाली तर एका प्रदेशातले सगळे खांब एकाच वेळी, एकाच दिशेला हलल्यासारखे दिसतात. बाजार समितीत एके दिवशी प्रत्येकाचे पोते अर्धा किलो जास्त भरले, तर धान्य वाढले असे आपण म्हणत नाही, काटा तपासतो. ब्रॅडली-हबर्ड यांनी ही काट्याची चूक वजा केली, तेव्हा दोन तासांची खूण जवळजवळ नाहीशी झाली.

हे वाचून कोणाला वाटेल की मेहनत वाया गेली. आमच्या खात्यातल्या माणसाला तसे वाटणार नाही. एखादे नवे खत आले की आपण प्रात्यक्षिकाच्या वाफ्याशेजारी खत न घातलेला वाफाही ठेवतो. शेजारच्या वाफ्यातही पीक तितकेच आले, तर ती करामत पावसाची असते. पडताळणी झाल्याशिवाय शिफारस करायची नाही, हा शास्त्राचा नियम दोन्हीकडे सारखाच. फ्रेंच शास्त्रज्ञांनी आपल्या नोंदी खुल्या ठेवल्या, म्हणून दुसऱ्यांना तपासता आल्या. शोध असाच पुढे जातो.

पावसाचे ओझे

आता शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याची गोष्ट. पावसाळ्यात गंगेच्या मैदानात इतके पाणी साठते की त्या वजनाने जमीन काही मिलिमीटर खाली दबते आणि पाणी ओसरले की पुन्हा वर येते. नेपाळातले खांब हे दरवर्षी दाखवतात. त्याच भागातील लहान धक्क्यांची संख्या पावसाळ्यात कमी आणि हिवाळ्यात जास्त असते. पाण्याचे ओझे उतरले की हिमालयाखालचा दाब थोडा वाढतो, असे शास्त्रज्ञ त्याचे कारण देतात. कॅलिफोर्नियात २०१४ पर्यंतच्या दुष्काळात पाणी आटल्यामुळे डोंगर मिलिमीटरांनी वर उचलले गेले, हेही खांबांनीच टिपले. भूकंपासाठी रोवलेला खांब असा दुष्काळाचीही नोंद ठेवतो.

कोयना आणि किल्लारी

पाणी आणि भूकंप यांचे नाते महाराष्ट्राला नवीन नाही. कोयनेचा शिवाजीसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या धक्क्याने कोयनानगर पडले. दीडशेहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून तेथे लहान धक्के चालूच आहेत, आणि तेही साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या ठरावीक पट्ट्यात. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेकडे प्रयोगशाळा म्हणून पाहतात. कराडला त्यासाठी खास संस्था आहे आणि कोयना भागात तीन किलोमीटर खोल चाचणी विवरही घेतले गेले आहे.

किल्लारीची गोष्ट वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झालेले, गाव दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास सहाच्या थोड्या वर तीव्रतेचा धक्का बसला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे ढिगाऱ्याखाली गेली. हा भाग तोवर भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित समजला जात होता. तेथे तेव्हा उपग्रहाचे खांब असते तर कळले असते का? प्रामाणिक उत्तर असे की, बहुधा नाही. दख्खनच्या पोटात ताण इतका सावकाश साठतो की वर्षभराची सरक यंत्राच्या चुकीतच बुडून जाते. हिमालयात नाडी जोरात लागते, मराठवाड्यात ती बोटाला लागत नाही.

याच तीव्रतेचे धक्के जगात दरवर्षी कित्येक बसतात आणि पुष्कळ ठिकाणी माणूस दगावत नाही. किल्लारीत माणसे मेली ती घरांमुळे. दोन-अडीच फूट जाडीच्या, दगड-मातीत रचलेल्या भिंती, आतबाहेरच्या थरांना एकमेकांशी बांधणारा दगड नाही, आणि वर माळवदावर फूट-दोन फूट मातीचा थर. धक्क्यात भिंती पोटातून फुटल्या आणि ते सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

आपल्या हातात काय?

नवे घर बांधताना किंवा जुने दुरुस्त करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

दगडी भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड दर दोन फूट उंचीला आणि आडव्या अंतरात चार फुटांच्या आत बसवावेत. कोपऱ्यात दगडांची सांधेजोड एकमेकांत गुंतलेली असावी. दार-खिडकीच्या वरच्या पातळीला सगळ्या भिंतींवरून, मध्ये न तुटता, लोखंडी सळ्यांचा सिमेंट-काँक्रीटचा पट्टा फिरवावा. खोक्याला सुतळी बांधल्यावर ते जसे आवळून राहते, तसे घर या पट्ट्याने आवळले जाते. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर ठेवाव्यात. माळवदावर दरवर्षी नवी माती चढवण्याची सवय सोडावी. गळती थांबते, पण डोक्यावरचे ओझे वाढते. जुनी माती उतरवून हलके छप्पर घालणे बरे. गोठ्याच्या भिंतींनाही हेच नियम लागू.

झोपण्याच्या जागी डोक्यावर माळा, फडताळ, जड हंडे नकोत. या कामात घरातल्या बाईमाणसांचा सल्ला आधी घ्यावा. कोणती वस्तू कुठे टांगली आहे ते त्यांना नीट ठाऊक असते. पलंगापासून दारापर्यंतची वाट रात्री मोकळी असावी.

उत्तराखंडात २०२१ पासून भूकंपाची सूचना मोबाईलवर देणारी व्यवस्था आहे. तिला भाकीत समजू नये. दूरवर धक्का सुरू झाल्यावर, जोराची लाट पोचण्याआधी, काही सेकंदांची सवड ती देते. आपल्याकडच्यासारखा भूकंप पायाखालीच झाला तर तीही सवड मिळत नाही. घर मजबूत असेल तर तिची उणीव भासत नाही.

शेवटी अफवांबद्दल. ‘आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप, उपग्रहाने पाहिले’ असे निरोप मोबाईलवर फिरतात आणि गावे थंडीत लेकरांसह रस्त्यावर रात्र काढतात. असा निरोप आला तर तो खोटा आहे हे पक्के समजावे. आपल्या देशात भूकंपांची नोंद राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र ठेवते. झालेल्या धक्क्याची माहिती ते देते; उद्याचा मुहूर्त तेही सांगत नाही, मग निनावी निरोप पाठवणारा कोठून सांगणार? तो निरोप पुढे न पाठवता तेथेच पुसावा, आणि शेजाऱ्याच्या घरी म्हातारे माणूस घाबरले असेल तर जाऊन समजूत घालावी.

उपग्रह वरून मोजत राहतील. हिमालयातल्या आणि समुद्राकाठच्या खांबांच्या नोंदी दरवर्षी वाढत आहेत, आणि ताण कुठे साठला आहे हे पूर्वीपेक्षा पुष्कळ स्पष्ट दिसते आहे. दिवस आणि वेळ सांगणे पुढे जमेलही. तोवर यंदाच्या सुगीनंतर हातात चार पैसे आले आणि घराचे काम काढायचे ठरले, तर गवंड्याला पहिला प्रश्न पट्ट्याचा आणि आरपार दगडांचा विचारावा.